कॉम्प्युटर हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी तो कशासाठी अडलाय ते बघा

घरचा कॉम्प्युटर सारखा हँग व्हायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मार. दुसरा, रॅम काढून खोडरबरने घास. दोन्हीने कधीकधी फरक पडतो हे खरंय आणि म्हणूनच हे सल्ले इतकी वर्षं टिकलेत, पण फरक का पडला हे कळलं नाही तर महिन्याभरात मशीन परत तिथेच येतं, आणि फॉरमॅटच्या नादात लग्नाचे फोटो आणि दुकानाचे हिशेब कायमचे गेलेली घरं मी बघितली आहेत. म्हणून जरा कळकळीने लिहितोय.

हँग झालेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा मेलेला नसतो, तो कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत अडकलेला असतो. डिस्ककडे काहीतरी मागितलं आणि डिस्क देत नाहीये, ग्राफिक्स कार्डला काम दिलं आणि ते परत बोलत नाहीये, किंवा दोन प्रोग्रॅम एकमेकांसाठी खोळंबलेत. त्यामुळे लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका, आधी एक-दोन मिनिटं नीट बघा. माउसचा बाण हलतोय का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतोय का? हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, कीबोर्ड फक्त बटण दाबल्याचं कळवतो आणि दिवा लाव असा निरोप विंडोज परत पाठवते, म्हणजे दिवा लागला तर आतलं इंजिन जिवंत आहे आणि घोटाळा वरच्या वर आहे. दिवा लागत नाही, बाण गोठलाय आणि चालू असलेलं गाणं एकाच तुकड्यावर टर्रर्र करत अडकलंय, तर मामला खोल आहे. तो आवाज येतो कारण साउंडचं हार्डवेअर आपल्याजवळचा शेवटचा छोटासा तुकडाच परत परत वाजवत बसतं, पुढचा तुकडा भरून देणारा प्रोसेसर थांबलेला असतो. अशा वेळी संशय ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम किंवा पॉवर सप्लायवर घ्यायचा.

एकच प्रोग्रॅम अडकला की खिडकी पांढुरकी होते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. पण विंडोजला कळतं कसं की तो अडकलाय? खरं म्हणजे कळत नाहीच. त्या प्रोग्रॅमने साधारण ५ सेकंद क्लिक, कीबोर्ड वगैरे काहीच उचललं नाही तर विंडोज तसं धरून चालते, बस. प्रोग्रॅम खरंच कायमचा अडकलाय की फक्त मोठं काम करतोय हे बाहेरून सांगता येत नाही. ॲलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सरसकट पद्धत असूच शकत नाही. म्हणून मोठी एक्सेल फाइल उघडताना ती अक्षरं दिसली की लगेच 'एंड टास्क' करू नका, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि बघा, प्रोसेसर किंवा डिस्क त्याच्यासाठी राबत असेल तर काम चालू आहे, थांबा थोडं.

आता डिस्क, कारण जुन्या घरगुती मशीनमध्ये सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार तीच निघते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसतेय आणि शेजारी स्पीड बघावा तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, हे कसं काय? फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारते. ७,२०० वाल्या डिस्कचा एक फेरा म्हणजे ८.३ मिलिसेकंद, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी चारेक मिलिसेकंद, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. इकडे-तिकडे विखुरलेल्या बारक्या फाइल वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला फार तर शंभरेक वाचनं करू शकते, आणि प्रत्येक वेळी ४ केबी मिळाले तर झाले जेमतेम ४०० केबी. म्हणजे डिस्क जीव तोडून पळतेय आणि हातात काहीच पडत नाहीये. अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोजचं अपडेट आणि आपण उघडलेला ब्राउझर तिघं एकदम आले की झालंच.

त्यात रॅम कमी असली तर अजून वाईट. ४ जीबी रॅममध्ये आजचा ब्राउझर दहा-बारा टॅब घेऊन बसला की रॅम भरते, मग विंडोज रॅममधला काही भाग उचलून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, फिरत्या डिस्कवरून १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट फरक! एका मर्यादेनंतर मशीन खरं काम सोडून नुसती ने-आणच करत राहतं. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच या प्रकाराची नीट मीमांसा केली होती आणि आजही आपल्या टेबलावर तेच घडतंय. यावर फॉरमॅट हा उपाय नाहीच, रॅम वाढवा आणि हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी टाका, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी, त्याच साटा केबलने जोडायची डिस्क. तिथे कुठलीही जागा वाचायला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच वेळ लागतो. जुन्या मशीनवर खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला खर्च हाच.

पण डिस्क नुसती मंद नसून मरायला टेकली असेल तर? लक्षण असं की ठरावीक फोल्डर उघडला की सगळं थिजतं, अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप सुटतं आणि परत थिजतं. खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) लागला की डिस्क तोच भाग पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि विंडोज तिला तब्बल ६० सेकंद मुदत देते, तोवर आपण समोर हात चोळत बसायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात डिस्कने स्वतःच लिहून ठेवलेली तब्येतीची नोंद दिसते. वर पिवळं 'कॉशन' असेल तर खाली दोन ओळी शोधा, 'रिअलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे निकामी झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे ज्या वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय अशा जागा. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर त्या दिवशी दुसरं काही करू नका, आधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, नंतर. आजारी डिस्कला अख्खी तबकडी वाचायला लावली तर उरलेला जीवही जाऊ शकतो. 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कपेक्षा साटा केबलवर जास्त संशय घ्यावा, ती स्वस्तात बदलून मिळते.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, तीही एकदा उघडून बघा. तिथे 'डिस्क' किंवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाने ७, १२९, १५३ असे नंबर दिसले तर दिशा बरोबर आहे. 'कर्नल-पॉवर ४१' बघून मात्र लोक उगाच घाबरतात, तो फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, आणि हँग झाल्यावर बहुतेक वेळा बटण दाबून तुम्हीच ते बंद केलेलं असतं.

उष्णतेचं थोडक्यात. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि फारच तापला तर मशीन बंद पडतं, म्हणून गेम खेळताना मशीन आधी रखडतं आणि मग एकदम बंद होतं असं असेल तर कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळलीये का बघा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आता रॅम आणि ते खोडरबर. ८ जीबी रॅममध्ये जवळपास ६,९०० कोटी बिट असतात, प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज गळत असतो म्हणून सगळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी परत भरावे लागतात. गरम झालं की गळती वाढते, त्यामुळे किंचित सदोष चिप सकाळी ठीक चालते आणि तासाभराने दगा देते. खोडरबरने चिप सुधारत नाही, सुधारतो तो पट्टीवरच्या सोनेरी टोकांचा आणि स्लॉटचा संपर्क, धूळ आणि दमट हवेने बसलेला थर निघतो. कोकणात पावसाळ्यात हा उपाय इतका लागू का पडतो ते यावरून कळेल. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, खरखरीत रबर वापरलंत तर तोच निघून येईल, त्यापेक्षा कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, आणि हे सगळं वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला आधी हात लावून, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपमध्ये जाणार नाही.

पुसूनही हँग होत असेल तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी एक-एक पट्टी वेगळी लावून परत तपासा, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड बघावा लागेल. आणि सगळं स्वच्छ निघालं, तरी लोड आला की मशीन गोठतंच, तर ओळखीच्या कोणाचा तरी चांगला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, दोन दिवस मागून आणा आणि लावून बघा.