सेलिब्रिटी सर्व्हायव्हल शो : आरंभकाळ आणि मराठवाडा

प्रसिद्ध व्यक्तींना रानात, बेटावर किंवा अशाच आडजागी नेऊन मोजक्या शिध्यावर ठेवायचे, त्यांच्याकडून धाडसाची कामे करून घ्यायची आणि हे सारे प्रेक्षकांना दाखवायचे, असा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमप्रकार. १९९७ ते २०१२ हा त्याच्या घडणीचा काळ मानता येतो. भारतात तो २००८ पासून हिंदी वाहिन्यांवर रुळला आणि मराठवाड्यातही हिंदीतूनच पोचला.

मूळ कल्पना ब्रिटिश निर्माते चार्ली पार्सन्स यांची. ती पडद्यावर प्रथम आली स्वीडनमध्ये, १९९७ साली, ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नावाने. त्यात सामान्य नागरिक होते. सर्वांत आधी बाहेर काढलेल्या स्पर्धकाने प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच आत्महत्या केली आणि सोबत्यांच्या मतांनी माणसाला वगळण्याच्या पद्धतीवर तिथे मोठा वाद झाला. या प्रकाराचा इतिहास सांगताना ही घटना एका ओळीत उरकली जाते; खरे तर सुरुवात तिच्यापासून करायला हवी. ३१ मे २००० रोजी अमेरिकेत सीबीएसवर ‘सर्व्हायव्हर’ सुरू झाले. १६ स्पर्धक, मलेशियातील पुलाऊ तिगा बेट, ३९ दिवस आणि १० लाख डॉलरचे बक्षीस. त्याचा शेवटचा भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

सामान्यांच्या जागी नामवंत आले ते २५ ऑगस्ट २००२ रोजी, ब्रिटनच्या आयटीव्हीवर. ‘आय ॲम अ सेलिब्रिटी... गेट मी आउट ऑफ हिअर!’ या मालिकेच्या पहिल्या पर्वात आठ जण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या रानात उतरले आणि रेडिओ निवेदक टोनी ब्लॅकबर्न विजेते ठरले. मालिकेची खरी करामत तिच्या जेवणाच्या नियमात होती. छावणीला रोजचा शिधा म्हणजे थोडा भात आणि कडधान्य. त्यापलीकडे काही हवे असेल तर एकाने परीक्षा द्यायची: किड्यांनी भरलेल्या पेटीत झोपायचे, अंधाऱ्या बिळात हात घालायचे. परीक्षेत ताऱ्याच्या आकाराच्या जितक्या खुणा गोळा होतील तितक्या जणांचे जेवण. परीक्षेला कोणाला पाठवायचे, हे प्रेक्षक दूरध्वनीवरून ठरवत. त्यामुळे घाबरणाऱ्याला वारंवार निवडले जाई आणि त्याच्या भीतीवर इतरांची भूक टांगली जाई. डॉक्टर आणि मदतपथक हाकेच्या अंतरावर असे. मालिकेच्या नावातलेच वाक्य उच्चारले की सुटका होई.

२००३ मध्ये एबीसीने याची अमेरिकी आवृत्ती आणली तेव्हा ती ‘सर्व्हायव्हर’ची नक्कल आहे म्हणून सीबीएसने न्यायालयात धाव घेतली, मनाई हुकूम मिळाला नाही.

भारतात २१ जुलै २००८ रोजी कलर्स वाहिनी सुरू झाली ती ‘फिअर फॅक्टर : खतरों के खिलाडी’ घेऊनच. अक्षय कुमार सूत्रसंचालक, दक्षिण आफ्रिकेत चित्रण, १३ प्रसिद्ध स्त्रिया स्पर्धक. नेत्रा रघुरामन जिंकली. तो साहसाचा खेळ होता, मुक्कामाचा नव्हे. मुक्काम आला २००९ मध्ये, सोनीवरच्या ‘इस जंगल से मुझे बचाओ’मधून; ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’चेच हे हिंदी रूप. हिचे चित्रण मलेशियात झाले आणि मोना वसू विजेती ठरली. २०१२ मध्ये स्टार प्लसने फिलिपिन्समध्ये चित्रित केलेल्या ‘सर्व्हायव्हर इंडिया’त नामवंत आणि सामान्य एकत्र ठेवले.

मराठवाड्यात हे कार्यक्रम आले केबलवाल्याच्या वायरीतून आणि पत्र्यावर बसवलेल्या छत्रीतून. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीमुळे हिंदी-उर्दू इथल्या कानांना सरावाची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण विजेची होती. ती वर्षे भारनियमनाची. लाइट गेली की भाग अर्ध्यावर राही. एसएमएसने मत द्यायचे तर त्याला नेहमीच्या संदेशापेक्षा जास्त पैसे पडत.

या प्रदेशात हा प्रकार वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणे, उघड्यावर चूल, दुरून आणलेले पाणी, पहाटेच्या गारठ्यात तोड. पडद्यावरच्या छावणीत जे काही आहे ते सगळे इथे आहे, फक्त बाहेर पडण्याचे वाक्य नाही. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ज्या घरात हे जगणे माहीत आहे, तिथे तारकेच्या उपासाचे अप्रूप फारसे वाटत नसावे. ओले सरपण पेटवता येते का, आहे तेवढ्यात सगळ्यांना पुरवून वाढता येते का, हे मात्र तिथे पारखून पाहिले जाणार.

मराठीत पुढे या घराण्यातला बंद घराचा खेळ रुजला. २०१८ मध्ये कलर्स मराठीवर महेश मांजरेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘बिग बॉस मराठी’ आले. २०२४ च्या पाचव्या पर्वाचे सूत्रसंचालन मूळ लातूरचे रितेश देशमुख यांनी केले. २०२३ च्या अखेरीस झी मराठीने ‘जाऊ बाई गावात’मध्ये शहरी तरुणींना गावात नेऊन ठेवले, आणि त्यात गोठ्याची व शेतीची कामे हीच परीक्षा झाली.