टाइप १ मधुमेह: आवर घालणाऱ्या पेशी कुठे कमी पडतात?

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात, आणि त्यांना मारतात आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी. टी-पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी अशा घरभेदी टी-पेशी बाहेर पडण्याआधीच संपवते, पण सगळ्या नाही. काही निसटतातच; निरोगी माणसाच्या रक्तातही त्या सापडतात. मग हा मधुमेह सगळ्यांनाच का होत नाही?

कारण त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांमध्ये त्या ओळखून दाखवल्या. पुढे या पेशी घडवणारं फॉक्स-पी-३ हे जनुक समजलं. या कामासाठी त्यांना मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं नोबेल मिळालं.

हे जनुक बिघडलं तर काय होतं, ते आयपेक्स या दुर्मिळ आजारात दिसतं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुलग्यांना होतो. तान्ह्या बाळाला न थांबणारे जुलाब, अंगभर इसब आणि कधी कधी जन्मल्यापासून काही दिवसांतच मधुमेह. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बाकीचा आजार आटोक्यात येऊ शकतो. मधुमेह मात्र सहसा जात नाही, कारण बीटा पेशी तोवर संपलेल्या असतात.

नेहमीच्या टाइप १ मध्ये गोष्ट इतकी सरळ नाही. रुग्णाच्या रक्तात नियामक पेशी मोजल्या तर संख्या बहुधा ठीकच भरते. उणीव असते ती कामात. तगून राहायला त्यांना इंटरल्युकिन-२ हे प्रथिन लागतं, आणि ते त्या स्वतः जवळजवळ बनवत नाहीत. अनेक रुग्णांमध्ये या प्रथिनाला त्यांचा प्रतिसादच क्षीण असतो. शिवाय रक्त काढलं जातं दंडातून, आणि लढाई चाललेली असते स्वादुपिंडात.

म्हणूनच नुसती संख्या वाढवून भागलेलं नाही. टाइप १ झालेल्या मुलांच्याच नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना परत देण्याची एक चाचणी झाली. उपचार सुरक्षित ठरला, पण शरीरातलं इन्शुलिन टिकवण्यात तो उपयोगी पडला नाही. आता प्रयत्न आहेत ते थेट स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या नियामक पेशी घडवण्याचे.