उन्हाळा आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं: हा प्रश्न आला कुठून

खान्देशात ऊन काय नवीन नाही. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो हे आपण लहानपणापासून बघतोय, आणि तरी त्याच उन्हात आपली म्हातारी माणसं नव्वदी गाठायची. ऊन वाढलंय हे खरंच आहे, पण माझ्या मते त्याहून जास्त बदललंय ते घर आणि घरातली माणसं.

आधी धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर असायचं, मातीच्या जाड भिंती, पुढे ओटा, दुपारी आत गारवा आणि रात्री सगळे खाटा टाकून अंगणात नाहीतर धाब्यावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी यायच्या म्हणजे ऐन उन्हातच घर भरलेलं, आजीने दुपारभर पाणी घेतलं नाही तर चार जणी रागवायच्या. मग कामासाठी पोरं सुरतला गेली, शिकली ती पुण्याला-नाशिकला गेली, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी शहरात फ्लॅट घेतला गेला, बऱ्याचदा वरच्या मजल्याचा. तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर आत आग ओकतो.

एकटेपण आणि ऊन यांचा संबंध जगाला नीट दिसला तो शिकागोत. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ ला गेला, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमधला साधा दिवस, आणि तेवढ्यात नेहमीपेक्षा ७०० च्या वर जास्त माणसं दगावली. त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप होते, चोरीच्या भीतीने दारं-खिडक्या बंद करून बसलेले. एरिक क्लिननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नंतर शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या, तर जिथे दुकानं, रस्त्यावर वर्दळ, येणंजाणं होतं तिथे मृत्यू खूपच कमी, आणि जिथे वस्ती ओसाड पडली होती तिथे जास्त. अजून एक गोष्ट मला फार लागली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका जास्त होत्या पण मेले पुरुष जास्त, कारण त्यांचं कोणाशी बोलणंचालणंच उरलं नव्हतं. आपल्याकडे रिटायर झालेल्या, बायको गेलेल्या काकांकडे बघा म्हणजे कळेल.

ऑगस्ट २००३ ला फ्रान्समध्ये हेच झालं पण कितीतरी मोठं, जवळपास १५,००० माणसं गेली. सुट्ट्यांचा महिना, घरचे फिरायला गेलेले. पॅरिसमध्ये ५७ जणांचे मृतदेह न्यायलाच कोणी आलं नाही, त्यांच्या दफनाला राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः गेले होते.

आपल्याकडे जाग आली ती अहमदाबादमुळे. मे २०१० मध्ये तिथे ४६.८ झालं, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० वर जास्त मृत्यू झाले आणि २०१३ मध्ये महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन, म्हणजे उन्हाच्या लाटेत काय करायचं याचा आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. चांगलं काम आहे ते. पण आपल्या डोक्यात उष्माघात म्हटलं की अजूनही शेतातला मजूर, रस्त्यावरचा हमाल येतो, घरातल्या बंद खोलीतला माणूस येत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात २०२१ च्या उन्हात ६१९ माणसं गेली, त्यातली ९८ टक्के छपराखालीच गेली आणि निम्म्याहून जास्त एकटी राहणारी होती.

वयामुळे शरीर पण साथ देत नाही. घाम कमी येतो, तहान लागलेली कळत नाही, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि गुडघे दुखतात म्हणून बाथरूमला सारखं उठायला नको असं म्हणत पाणीच कमी पितात. रात्री पण तापमान उतरलं नाही की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, गोंधळल्यासारखं बोलायला लागले तरी ते ओळखायला समोर कोणीतरी पाहिजे ना!

आमच्याकडे कुलर सगळ्यांकडे असतो हो. पण त्याच्या टाकीत पाणी टाकायला बादली उचलावी लागते, पंचाहत्तरीच्या बाईला ती उचलत नाही, नळाला पाणी रोज येत नाही म्हणून जपून वापरायचं, मग टाकी कोरडी आणि कुलर नुसती गरम हवा फेकतोय. आणि कुलरला एक खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि घाम सुकत नाही, तर ती खिडकी भीतीपोटी बंद. बाहेरून आवाज ऐकून शेजाऱ्याला वाटतं कुलर चालू आहे म्हणजे मावशी ठीक आहेत.

२००३ नंतर फ्रान्सने एक काम केलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी गावोगावच्या नगरपालिकेत ठेवायला सुरुवात केली, नाव नातेवाईकही देऊ शकतात, आणि उन्हाचा इशारा आला की तिथून त्यांना फोन जातो. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे, फुकट आहे, पण तिथे फोन आपणच करावा लागतो, आणि दुपारी दोनला चक्कर येऊन पडलेला माणूस तो करणार कसा?