हाताला झेपेल ते पिस्तूल : रिकॉइलमागचा शंभर वर्षांचा इतिहास

पिस्तूल निवडताना आधी विचारतात ते गोळीच्या ताकदीबद्दल. झाडल्यावर हाताला बसणारा झटका, म्हणजे रिकॉइल, आठवतो तो मागाहून. अमेरिकेतल्या सैन्याने आणि तपासयंत्रणांनी हाच क्रम धरला आणि तो बदलायला त्यांना जवळजवळ शतक लागले.

फिलिपिन्समध्ये तिथल्या मोरो या मुस्लिम समाजाच्या योद्ध्यांशी लढताना अमेरिकी सैनिकांची .३८ (म्हणजे गोळीचा व्यास इंचांत) रिव्हॉल्व्हर अपुरी पडत होती. गोळ्या लागूनही माणूस अंगावर धावून येतो, अशा तक्रारी होत्या. म्हणून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर, शिवाय मृतदेहांवर चाचण्या घेतल्या. नमुने मोजके आणि पद्धत ढोबळ होती, पण निष्कर्ष ठाम निघाला : .४५ पेक्षा लहान गोळी नको. १९११ साली ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराचे .४५ पिस्तूल सैन्यात आले आणि १९८५ मध्ये ९ मिमी बेरेटा येईपर्यंत टिकले.

ब्रिटिशांनी नेमका उलटा धडा घेतला. पहिल्या महायुद्धातले .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हर किलोभराहून जड होते, तरी जेमतेम शिकवलेल्या सैनिकाला त्याचा झटका आवरत नसे. त्यामुळे युद्धानंतर त्यांनी हलके .३८ एनफिल्ड घेतले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. तो शस्त्र चालवणाऱ्याकडे बघून घेतला होता.

अमेरिकेत हे समजायला एक शोकांतिका घडावी लागली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेच्या आठ एजंटांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका एजंटची ९ मिमी गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तरीही तो लढत राहिला. चौकशीत साहजिकच त्या गोळीवर बोट ठेवले गेले आणि एफबीआय जोरदार १० मिमीकडे वळली.

पण हे पिस्तूल अंगाने मोठे, मूठ जाड आणि झटका दणदणीत. १९७२ पासून एफबीआयमध्ये महिला एजंटही होत्या. लहान पंजाच्या स्त्री-पुरुषांना ते सांभाळणे जड जाऊ लागले. शेवटी काडतुसातली दारू कमी करावी लागली. मग एवढ्या लांब काडतुसाची गरजच काय, या विचारातून १९९० मध्ये आखूड .४० स्मिथ अँड वेसन जन्मले. पुढे कित्येक पोलीस दलांनी ते घेतले.

झटक्याचे गणित सरळ आहे. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येते. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडले तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते. नळी उसळते, नेम सुटतो, दुसरी गोळी उशिरा निघते. त्याहून वाईट म्हणजे झटक्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच मनगट दबते आणि पहिली गोळीही खाली जाते. खिशात मावणारी छोटी पिस्तुले नवख्याला सोयीची वाटतात, पण चालवायला तीच अवघड.

एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने २०१४ मध्ये हे लेखी मान्य केले. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात. बहुतेकांचा हात ९ मिमीवर अधिक वेगवान आणि अचूक चालतो. शिवाय नव्या ९ मिमी गोळ्या पुरेशा खोल जातात, असे त्यात म्हटले होते. २०१६ मध्ये त्यांनी ९ मिमी ग्लॉक घेतले.

भारतात परवानाधारकाला ही निवड फारशी नसते. ९ मिमी आणि .३८ ही सरकारी दलांची बोअर, म्हणजे नळीची मापे, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून बहुतेकांच्या हाती .३२ येते. आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच .३८ रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेले आहे. २०१४ मध्ये कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ महिलांसाठी म्हणून पुढे केले गेले. वजन साधारण ५०० ग्रॅम. एवढे हलके असूनही ते चालवता येते, कारण .३२ चे काडतूसच सौम्य आहे.

नेमबाजीच्या रेंजवर तर हा सौम्यपणा मुद्दाम शोधतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, आणि तिथे .२२ चालते. पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतची मुभा असूनही अव्वल नेमबाज बहुधा सपाट तोंडाच्या गोळीचे .३२ काडतूसच घेतात. कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि पुढच्या गोळीसाठी नळी लगेच जागेवर येते.