वहनकाल-मापक कॅप्सूल

गिळल्यापासून शौचावाटे बाहेर पडेपर्यंत जठर, लघ्वांत्र (लहान आतडे) आणि बृहदांत्र (मोठे आतडे) यांतून जाण्यास लागणारा वेळ (वहनकाल) मोजण्याचे साधन. हिचे दोन प्रकार आहेत: क्ष-किरणांत दिसणाऱ्या खुणेच्या कड्या भरलेली साधी कॅप्सूल आणि संवेदक बसवलेली बिनतारी कॅप्सूल. आतड्याची छायाचित्रे घेणारी कॅप्सूल एंडोस्कोपी ही वेगळी तपासणी होय.

बिनतारी कॅप्सूलचा आद्य जनक कोण, यावर मतभेद आहेत. स्टुअर्ट मॅके व बर्टिल याकोबसन यांचा ‘नेचर’मधील लेख आणि फॅरर, झ्वोरिकिन व बॉम यांचा ‘सायन्स’मधील लेख हे दोन्ही 1957चे, ड्रेस्डेनमध्ये मानफ्रेड फॉन आर्डेन यांचेही काम त्याच सुमारास चालू होते. प्रकाशनाचा क्रम पाहता मॅके-याकोबसन यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र हे यंत्र मुख्यतः दाबासारख्या राशी कळवणारे होते. कॅप्सूल नेमकी कोठे आहे हे कळल्याखेरीज वहनकाल निघत नाही. त्या दृष्टीने खुणेच्या पद्धतीची परंपरा जुनी आहे: वॉल्टर अल्व्हारेझ यांनी 1920च्या दशकात काचेचे मणी गिळायला देऊन ते शौचातून मोजले. हिंटन, लेनर्ड-जोन्स व यंग यांनी 1969मध्ये क्ष-किरणांत दिसणाऱ्या खुणा वापरून या पद्धतीला नेमकेपणा आणला. त्यांच्या निरोगी व्यक्तींपैकी बहुतेकांत पाच दिवसांत 80 टक्के खुणा बाहेर पडल्या.

पाश्चात्त्य मोजमाप येथे जसेच्या तसे लावणे योग्य नाही. भारतीय आहारात आतडे जलद चालते, म्हणून लखनौच्या संजय गांधी संस्थेतील संशोधकांनी 36 व 60 तासांनी क्ष-किरण चित्र घेण्याची सुधारित रीत सुचवली. तीत एकूण 60 खुणांपैकी 36 तासांनी 30 किंवा अधिक, तर 60 तासांनी 14 किंवा अधिक उरल्या तर वहन मंद मानतात. साध्या क्ष-किरण यंत्रावर भागणारी ही रीत पुण्यासारख्या शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही परवडते.

बिनतारी प्रकार (अमेरिकेत 2006मध्ये मान्यता, पुढे उत्पादकाने तो बंद केला) सामू (पीएच; आम्लता जितकी कमी तितका हा अंक जास्त), दाब व तापमान नोंदवत असे. सामू एकदम चढला की कॅप्सूल जठराबाहेर पडली, पुढे साधारण एक अंकाने उतरला की ती बृहदांत्रात शिरली, आणि तापमान घसरले की ती शरीराबाहेर गेली, असे धरत. जठरात 5 तासांपेक्षा अधिक किंवा बृहदांत्रात 59 तासांपेक्षा अधिक काळ गेल्यास विलंब समजत. पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लरोधक गोळ्या चालू असतील तर सामूची ही चढण पुसट होते. म्हणून त्या आठवडाभर आधी बंद करत.

येथे एक मूलभूत अडचण आहे. अन्न एक-दोन मिलिमीटरपर्यंत भरडले गेल्यावर जठराबाहेर सरकते; सुमारे 27 मिलिमीटर लांबीची न पचणारी कॅप्सूल सहसा मागे राहते. उपाशीपोटी दर 90 ते 120 मिनिटांनी जठराकडून आतड्याकडे जाणारी आकुंचनाची जोरदार लाट आली की ती बाहेर ढकलली जाते. काही अन्न पोटात गेले की ही लाट थांबते. म्हणून कॅप्सूलसोबत ठरावीक आहार देऊन पुढे सहा तास काही खाऊ देत नाहीत. पुण्यात ही सूचना नेमक्या शब्दांत द्यावी लागते. ‘उपास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाणे चालतात, असेच घरोघरी धरले जाते. पण त्यातील पिष्ट व स्निग्धांश जठर थोपवून धरतात. दूध-साखरेचा एक कप चहाही ती लाट मोडू शकतो. ‘पाण्याशिवाय काहीही नाही’ असे सांगणे उचित.

‘कोठा जड आहे’ ही मराठी तक्रार आयुर्वेदातील कोष्ठ-कल्पनेशी (कोष्ठ म्हणजे पोट-आतड्यांचा स्वभाव) निगडित आहे. ही कल्पना टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या पुण्यातील संस्थांत शिकवली जाते. चरकसंहितेनुसार स्नेहपानाने (तूप-तेल पिण्याने) मृदू कोष्ठ तीन रात्रींत, तर क्रूर कोष्ठ सात रात्रींत स्निग्ध होतो. हे वर्गीकरण औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावर उभे आहे; क्रूर कोष्ठ म्हणजे मंद वहन, हे समीकरण प्रत्यक्ष मापनाशिवाय मांडू नये.

आतडे अरुंद झालेले असल्यास कॅप्सूल अडकू शकते. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाने असे आकुंचन होते, त्यामुळे तपासणीपूर्वी त्याची चौकशी करणे आवश्यक असते. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करत नाहीत.