‘ग्रब’ की ‘ग्रब रेस्क्यू’? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी पडद्यावरचं वाचा

विंडोजशेजारी उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकलं, आणि रीस्टार्टनंतर मेनूऐवजी काळा पडदा आला. त्यावर एकतर ‘ग्रब>’ असतं किंवा ‘ग्रब रेस्क्यू>’. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना विंडोज की लिनक्स असा मेनू दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून दोन्हींवर एकच इलाज होतो: पेनड्राइव्ह लावा, सगळं पुन्हा टाका. बहुतेक वेळा हा उद्योग फुकट जातो. (खालच्या कमांड टाइप मात्र इंग्रजी स्मॉल अक्षरांतच करायच्या.)

नुसतं ‘ग्रब>’ असेल तर ग्रब पूर्ण उठलेलं आहे, फक्त त्याला मेनूची फाइल, म्हणजे ग्रब.सीएफजी, मिळालेली नाही किंवा ती रिकामी आहे. कोकणात याला पावसाळा पुरतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर कर्नल (लिनक्सचा मूळ गाभा) अपडेट चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहू शकते. (मेनूवर चुकून ‘सी’ दाबलं तरी हाच प्रॉम्प्ट (कमांड लिहायची ओळ) येतो, तेव्हा एस्केप दाबा.)

इथे टॅब चालतो, म्हणजे अर्धं लिहिलेलं नाव पूर्ण करून मिळतं, हा मोठा आधार. ‘एलएस’ने (ls) पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, बघा, लिनक्सचं पाचवं असेल तर ‘सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)’, म्हणजे set root=(hd0,gpt5). मग ‘लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ-’ (vmlinuz, ही कर्नलची फाइल) लिहून टॅब दाबा, व्हर्जन निवडा, पुढे ‘रूट=/डेव्ह/एसडीए५’ जोडा. त्यानंतर ‘इनिटआरडी’ला (initrd, कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी फाइल) त्याच व्हर्जनची फाइल, आणि शेवटी ‘बूट’. लाइट अपडेटच्या मध्येच गेली असेल तर सगळ्यात नवं कर्नल घेऊ नका, त्याची इनिटआरडी फाइलही अर्धी असण्याची शक्यता असते; आधीचं घ्या. ग्रब डिस्क ०पासून मोजतं आणि पार्टिशन १पासून, इथे हमखास गल्लत होते. एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) असेल तर ‘एसडीए५’ऐवजी ‘एनव्हीएमई०एन१पी५’.

‘ग्रब रेस्क्यू>’ची गोष्ट वेगळी. ग्रबचा छोटा गाभा लोड झाला, पण बाकीचे मॉड्यूल (ग्रबचे उरलेले भाग) ज्या फोल्डरमध्ये आहेत तो फोल्डरच त्याला सापडत नाही. टॅब नाही, आणि कमांडही मोजक्याच: एलएस, सेट, अनसेट, इनस्मॉड (insmod). कारण वरच्या ओळीत छापलेलं असतं, आणि तीच ओळ कोणी वाचत नाही. ‘नो सच पार्टिशन’ आलं की समजावं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोणीतरी पार्टिशन उडवलं किंवा नवं केलं आणि नंबर बदलले.

एकेक पार्टिशन तपासा: ‘एलएस (एचडी०,जीपीटी५)/’. शेवटची तिरकी रेघ विसरलात तर फाइलींची यादी येणार नाही. विंडोजच्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टम’ येईल, घाबरू नका. बूट, ईटीसी, होम दिसले की ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब’, मग ‘इनस्मॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेनू येतो. बूटचं पार्टिशन वेगळं केलं असेल तर पत्ता नुसता ‘/ग्रब’. फेडोरात फोल्डरचं नाव ग्रब२.

हे सगळं त्या एका बूटपुरतं. आत गेल्यावर पहिल्या प्रकारात सहसा ‘सुडो अपडेट-ग्रब’ पुरतं. दुसऱ्यात आधी ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ हवं. जुन्या बायॉसवर (मशीन चालू करणारी मूळ व्यवस्था) त्यापुढे डिस्कचं नाव द्यायचं, ‘/डेव्ह/एसडीए’, पार्टिशनचा नंबर नाही. यूईएफआयवर, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेत, तेही लागत नाही.

लिनक्सचं पार्टिशनच उडवलेलं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. चालू होताना एफ१२ (एचपीवर एफ९) दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडा.

एक प्रकार किनाऱ्यालगतच्या मशीनवर ध्यानात ठेवावा. विंडोज एसएसडीवर, लिनक्स दुसऱ्या हार्डडिस्कवर, आणि ‘एलएस’मध्ये ती हार्डडिस्कच नाही. अशा वेळी कमांड मारत बसू नका. मशीनची विजेची वायर काढून साटा केबलची (डिस्क जोडणारी केबल) टोकं बघा. खाऱ्या हवेने पिना काळ्या-हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, केबल घट्ट बसवा. बायॉसमध्ये डिस्क दिसली तर बऱ्याचदा मेनूही आपोआप परत येतो.