सादरीकरण फाइलींची स्वरूपे

स्लाइडांचे सादरीकरण संगणकावर साठवताना मजकूर, आकृत्या, चित्रे, त्यांची जागा आणि हालचाल यांची नोंद ज्या ठरीव रचनेत केली जाते, तिला सादरीकरण फाइलस्वरूप म्हणतात. पीपीटी, पीपीटीएक्स, ओडीपी आणि ॲपलचे ‘की’ ही त्यांतली मुख्य स्वरूपे. पीडीएफ मुळात सादरीकरणासाठी नसले तरी व्यवहारात त्यांच्याच पंगतीत बसते. बोलीत या सर्वांना सरसकट ‘पीपीटी’ म्हणतात. या नोंदीत मात्र पीपीटी हे नाव फक्त जुन्या द्विमान (बायनरी, म्हणजे साध्या मजकुरासारखे वाचता न येणाऱ्या) स्वरूपासाठी वापरले आहे.

नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारे एक्स्टेंशन आणि फाइलचे खरे स्वरूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी पीपीएस फाइल आतून पीपीटीसारखीच असते. एक्स्टेंशन वेगळे असल्यामुळे ती संपादनाच्या खिडकीऐवजी थेट पूर्ण पडद्यावर उघडते, इतकेच. उलट, पासवर्ड घालून जतन केलेल्या पीपीटीएक्स फाइलचे बाहेरचे कवच पीपीटीएक्सचे राहतच नाही. सांकेतिक केलेला सगळा ऐवज जुन्या पीपीटीच्या पद्धतीच्या कवचात ठेवला जातो. त्यामुळे केवळ एक्स्टेंशन पाहून फाइल ओळखणारी साधने अशा ठिकाणी फसतात.

उगम : पहिली सादरीकरण फाइल कोणती, याबद्दल एकमत नाही. काही जण १९८२च्या सुमाराच्या एक्झेक्युव्हिजनपर्यंत मागे जातात, तर काही सॉफ्टवेअर पब्लिशिंग कॉर्पोरेशनच्या हार्वर्ड प्रेझेंटेशन ग्राफिक्सला (१९८६) मान देतात. पडद्यावर एकामागून एक चित्र दाखवणे एवढाच निकष धरला तर पहिला दावा मान्य करावा लागेल. पण एकाच फाइलमध्ये अनेक स्लाइडा, सर्वांना लागू होणारी एक मूळ स्लाइड (मास्टर) आणि जोडीला वक्त्याची टिपणे, हा आजचा अर्थ घेतला तर १९८६–८७चा काळ अधिक ग्राह्य वाटतो. या अर्थाने रूढ झालेला कार्यक्रम म्हणजे पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १९८४मध्ये फोरथॉट या कंपनीत त्याची कल्पना मांडली. डेनिस ऑस्टिन आणि नंतर टॉमस रडकिन यांनी तो लिहिला. विकासाच्या काळात त्याचे नाव प्रेझेंटर होते. पहिली आवृत्ती एप्रिल १९८७मध्ये फक्त मॅकिंटॉशसाठी आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना फोरथॉट विकत घेतली. ती आवृत्ती कृष्णधवल होती. तिचा मुख्य उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्यासाठी होई. विंडोजवरची आवृत्ती १९९०मध्ये निघाली.

द्विमान पीपीटी : आज जिला पीपीटी म्हणतात ती रचना पॉवरपॉइंट ९७पासूनची. त्याआधीच्या आवृत्त्यांचेही एक्स्टेंशन हेच असले तरी त्यांची रचना निराळी होती. १९९४च्या चौथ्या आवृत्तीतली फाइल आजचे पॉवरपॉइंट उघडत नाही. ९७ ते २००३ या आवृत्त्यांनी मात्र एकच स्वरूप चालवले.

ही फाइल म्हणजे एका फाइलच्या पोटात वसवलेली छोटी फाइलव्यवस्था होय. तिच्यात स्वतंत्र प्रवाह असतात. एकात स्लाइडांचा सगळा मजकूर आणि आकृत्या, दुसऱ्यात चित्रे आणि तिसऱ्या छोट्या प्रवाहात ‘शेवटचे संपादन कुठे आहे’ याचा निर्देश. मुख्य प्रवाह नोंदींचा बनलेला असतो. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर आठ बाइटांचे शीर्ष असते. त्यात नोंदीची आवृत्ती, उपक्रमांक, प्रकार आणि लांबी सांगितलेली असते. वाचणाऱ्या कार्यक्रमाला एखादा प्रकार अनोळखी निघाला, तरी लांबी ठाऊक असल्याने तो तेवढा भाग ओलांडून पुढे जाऊ शकतो. नव्या सोयी जुन्या फाइलमध्ये घुसवण्यासाठी या गुणाचा पुरेपूर उपयोग झाला. २००२च्या आवृत्तीत ॲनिमेशनची यंत्रणा नव्याने बांधली गेली. तिची माहिती अशाच जोडनोंदींत ठेवली आणि जुन्या आवृत्त्या ती निमूट ओलांडत राहिल्या.

जतन करण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘फास्ट सेव्ह’ चालू असेल तर पॉवरपॉइंट पूर्ण फाइल पुन्हा लिहीत नसे. बदललेला भाग शेवटी जोडून निर्देश पुढे सरकवत असे आणि प्रत्येक संपादन मागच्या संपादनाकडे बोट दाखवी. फ्लॉपी आणि मंद डिस्कच्या काळात ही मोठी बचत होती. त्याचा परिणाम असा, की खोडलेली स्लाइड पडद्यावर दिसली नाही तरी फाइलमध्ये शिल्लक राही आणि ठाऊक असलेल्याला ती बाहेर काढता येई. निविदा किंवा अंदाजपत्रकाची जुनी पीपीटी पुढे पाठवण्यापूर्वी ती नव्या नावाने पुन्हा जतन करावी, हा सल्ला यातूनच आला.

या रचनेचे अधिकृत वर्णन मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये सर्वांसाठी खुले केले. तोपर्यंत इतर कार्यक्रमांनी पीपीटी वाचण्याची जी सोय दिली, ती बहुतांशी फाइली उलगडून, अंदाज बांधत केलेली होती. ते पाहता त्यांचे यश कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

पीपीटीएक्स : ऑफिस २००७बरोबर आलेले हे स्वरूप म्हणजे झिप पद्धतीने दाबून बांधलेले एक्सएमएल (खुणांनी भाग पाडलेला साधा मजकूर) फाइलींचे गाठोडे. एखाद्या पीपीटीएक्सची प्रत काढून तिचे एक्स्टेंशन झिप केले आणि ती सोडवली, तर आतला संसार उघडा पडतो. ‘पीपीटी’ नावाच्या फोल्डरमध्ये स्लाइडांचे फोल्डर, त्यात प्रत्येक स्लाइडची स्वतंत्र फाइल, शेजारी मांडण्या, मास्टर, रंग-फाँटांची थीम, टिपणे आणि चित्रे-ध्वनींचे ‘मीडिया’ फोल्डर. कोणती स्लाइड कोणते चित्र वापरते हे स्लाइडच्या फाइलमध्ये थेट लिहिलेले नसते. संबंधांच्या वेगळ्या छोट्या फाइली असतात, त्यांत क्रमांक आणि पत्ता जुळवलेला असतो. स्लाइडांचा क्रमही फाइलींच्या नावांवरून ठरत नाही, तो सादरीकरणाच्या मुख्य फाइलमधल्या यादीत असतो. म्हणून ‘स्लाइड ७’ नावाची फाइल पडद्यावर तिसरी येणे अगदी शक्य आहे.

मापांचा भाग थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. पीपीटीएक्समध्ये अंतरे ईएमयू या एककात लिहितात. एका इंचात ९,१४,४०० आणि एका सेंटिमीटरमध्ये ३,६०,००० एकके. इंच, सेंटिमीटर आणि मुद्रणातला पॉइंट (१२,७०० एकके) हे तिन्ही पूर्णांकात बसावेत म्हणून ही संख्या निवडली आहे. २०१३पासूनची नेहमीची रुंद स्लाइड १,२१,९२,००० बाय ६८,५८,००० एककांची, म्हणजे साधारण ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटरची असते. जुन्या पीपीटीत इंचाचे फक्त ५७६ भाग होते. त्यामुळे एक जुने एकक म्हणजे १,५८७.५ नवी एकके होतात. जुने माप विषम संख्येचे असेल तर पूर्णांकात न बसणारा हा अर्धा भाग रूपांतरात कुठे तरी सोडावाच लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण ‘जशीच्या तशी फाइल’ हा दावा तांत्रिक अर्थाने दर वेळी खरा असेलच असे नाही, हे त्यावरून कळते.

पीपीटीएक्स हे जुन्या पीपीटीचेच एक्सएमएलमधले पुनर्लेखन की नवे स्वरूप, याबाबत दोन मते आढळतात. पहिल्या मताचे लोक ॲनिमेशनच्या भागाकडे बोट दाखवतात. २००२च्या यंत्रणेचाच कालवृक्ष (कोणती हालचाल केव्हा व्हायची याची फांद्यांसारखी मांडणी) पीपीटीएक्समध्ये उतरला आहे. दुसरे मत रेखाटनाच्या भागावर भर देते. आकृत्या, छटा आणि थीम यांची भाषा २००७ला नव्याने घडवली गेली आणि ती वर्ड व एक्सेललाही समान आहे. दोन्हींत तथ्य आहे. तरी जुन्या फाइलमध्ये जे मांडता येत होते ते नव्या फाइलमध्ये हरवू नये ही रचनाकारांची पहिली अट होती, हे पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

पीपीटीएक्सच्या भावंडांत पीपीएसएक्स (थेट सुरू होणारे), पीओटीएक्स (साचा) आणि पीपीटीएम (मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावली, असलेले) येतात. यांतले शेवटचे वेगळे ठेवण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे : साध्या पीपीटीएक्समध्ये मॅक्रो ठेवता येत नाहीत.

ओडीपी आणि प्रमाणीकरणाचा वाद : ओडीपीचे मूळ जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी १९९९मध्ये घेतली आणि त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. त्याचे आरंभीचे एसएक्सआय हे स्वरूप पुढे सुधारून ओपन डॉक्युमेंट झाले. ओएसिस या संस्थेने त्याला मे २००५मध्ये मानक ठरवले आणि २००६मध्ये त्याला आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांचा आयएसओ/आयईसी २६३०० हा क्रमांक मिळाला. हेही झिपमधले एक्सएमएलच. फरक असा, की सगळ्या स्लाइडांचा मजकूर एकाच फाइलमध्ये असतो आणि गाठोड्यातली पहिली फाइल न दाबता ठेवून तीत स्वरूपाचे नाव लिहितात.

मायक्रोसॉफ्टचे स्वरूप एक्मा संस्थेमार्फत डिसेंबर २००६मध्ये मानक बनले आणि तिथून जलद मार्गाने आयएसओकडे गेले. सुमारे सहा हजार पानांचा तो मसुदा पुरेशा वेळात तपासणेच शक्य नाही, आणि एक मानक असताना दुसरे कशाला, हे मुख्य आक्षेप होते. सप्टेंबर २००७च्या मतदानात तो नामंजूर झाला. जिनिव्हातल्या बैठकीनंतर २००८मध्ये त्याला पुरेशी मते पडली. भारताच्या मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. शेवटी ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारताने अपीलही केले, ते फेटाळले गेले. आयएसओ/आयईसी २९५०० हे मानक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात ‘कडक’ आणि ‘संक्रमणकालीन’ असे दोन वर्ग आहेत. संक्रमणकालीन वर्ग जुन्या फाइलींच्या सोयीसाठी होता, पण पॉवरपॉइंट आजही आपणहून त्याच वर्गात जतन करते. समर्थक याला व्यवहारवाद म्हणतात. मानकाचा हेतू पाहता टीकाकारांची बाजू इथे वजनदार आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, पण कार्यालयांत फिरणाऱ्या फाइली आजही मुख्यतः पीपीटीएक्सच असतात.

देवनागरी मजकूर : मराठी वाचकाच्या दृष्टीने स्वरूपांतला सर्वांत जाचक फरक इथेच आहे. श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांनीच साठतो. त्याला देवनागरीचे रूप केवळ फाँट देतो. पीपीटीत मजकुराच्या नोंदी दोन तऱ्हेच्या असतात : प्रत्येक वर्णाला एक बाइट आणि प्रत्येक वर्णाला दोन बाइट. जुन्या फाँटांतला मजकूर बहुधा पहिल्या तऱ्हेत मावे. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या वर्णाला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक संकेतपद्धती) देवनागरीला दुसरीच लागते. फाँट नसलेल्या संगणकावर अशी जुनी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसतो. ती पीपीटीएक्स किंवा ओडीपी म्हणून जतन केल्याने काही सुधारत नाही, कारण दोष मजकुराच्या संकेतात आहे. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

पीपीटीएक्समध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला लॅटिन, पूर्व आशियाई आणि ‘जटिल’ लिपी असे तीन फाँट नेमता येतात. देवनागरी तिसऱ्या खणात मोडते. तिथे काही नेमले नसेल तर थीममधल्या लिपीवार यादीचा आधार घेतला जातो. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीपुढे ‘मंगल’ हे नाव असते. हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी आरेखलेला, विंडोज २०००पासून परिचित. सगळ्या स्लाइडांसाठी हौसेने निवडलेला फाँट कधी कधी फक्त इंग्रजी शब्दांना लागतो आणि मराठी मजकूर मंगलमध्येच राहतो, त्याचे कारण बऱ्याचदा हा तिसरा खण असतो. तुकड्यावर भाषेची खूणही असते. ती मराठीची असेल, फाँटात मराठी वळणाची ल आणि श ही अक्षरे वेगळी भरलेली असतील आणि कार्यक्रम ती खूण मानत असेल, तरच ती उमटतात. ओडीपीतही जटिल लिपीसाठी फाँट आणि भाषा वेगळी नोंदवतात. ओपनऑफिसमधून निघालेले लिब्रेऑफिस या खुणेचा मान राखते.

पीडीएफमध्ये दिसण्याची हमी सर्वांत जास्त, कारण फाँटातले लागणारे आकार फाइलमध्येच घातले जातात. पण तिथे अक्षरे उमटण्याच्या क्रमाने नोंदली जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते आणि जोडाक्षराचा एकच आकार असतो. वर्णांकडे परत नेणारा तक्ता नीट भरलेला नसेल तर पीडीएफमधून उचललेला मराठी मजकूर विस्कटतो आणि शोधातही सापडत नाही.

रूपांतर : पॉवरपॉइंट आणि लिब्रेऑफिस यांच्यात फाइल नेताना ओळी मोडण्याच्या जागा बदलतात, ही नेहमीची तक्रार. याचे एक कारण फाँटांची अदलाबदल. दुसरे कमी माहितीचे : चौकटीत मजकूर मावत नसेल तर पॉवरपॉइंट अक्षरे आपोआप लहान करते आणि किती टक्के लहान केली तो आकडा फाइलमध्ये लिहिते, पण तो काढायची रीत लिहीत नाही. दुसरा कार्यक्रम आपल्या रीतीने तो पुन्हा काढतो. ॲनिमेशनमध्ये मात्र दोन्ही स्वरूपे स्मिल या वेबमानकाच्या कल्पनांवर बेतलेली असल्याने अपेक्षेपेक्षा बरे जुळते.

फाइल बाहेर देताना आत काय राहते हेही पाहावे. कातरलेल्या चित्राचा लपलेला भाग, वक्त्याची टिपणे आणि आलेखामागचा एक्सेलचा तक्ता पीपीटीएक्समध्ये सहसा तसाच असतो. पगारांच्या तक्त्यातून एक आलेख उचलून चिकटवला, तर सगळी कार्यपुस्तिकाच सोबत जाऊ शकते. पीडीएफ करून दिल्यास यातले बरेच टळते.

इतर स्वरूपे : ॲपलचे कीनोट जानेवारी २००३मध्ये आले. त्याची फाइल सुरुवातीला एक्सएमएलची होती. २०१३मध्ये ती मागे पडून दाबलेले द्विमान स्वरूप आले. त्याचे अधिकृत वर्णन प्रसिद्ध नसल्याने इतरत्र नेण्यासाठी पीपीटीएक्स किंवा पीडीएफ करून घेतात. गणित-विज्ञानाच्या वर्तुळात टिल टँटाऊ यांच्या बीमर या लाटेक्स-संचाने (लाटेक्स म्हणजे मजकुरातल्या आज्ञांवरून पाने जुळवणारी व्यवस्था) थेट पीडीएफ स्लाइडा बनवतात. तिथे मूळ फाइल साधा मजकूर असते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एचटीएमएल स्लाइडांचेही काही संच आहेत. गुगल स्लाइड्सचा दस्तऐवज सर्व्हरवर असतो. संगणकावर दिसणारी जीस्लाइड्स फाइल म्हणजे त्याचा पत्ता सांगणारी काही बाइटांची चिठ्ठी. ती पेन ड्राइव्हवर घेऊन इंटरनेट नसलेल्या सभागृहात गेल्यास दाखवायला काही उरत नाही.